काकाच्या ओट्यावरचा चहा

पंकजाला थॅलेसेमिया. तीन-तीन आठवड्यांनी परभणीला जाऊन रक्त चढवलं तरच ती उभी राहायची. कोरोनात गावानं वेशीवर बाभळीच्या काट्या टाकल्या. बाप तिला मोटारसायकलवर घेऊन निघाला, तर काट्यांपुढं काठी घेऊन तिचा सख्खा चुलता दत्तराव उभा.

"ही तशीबी जगणार न्हाई. हिच्यापायी दवाखान्यातली बिमारी गावात कशाला आणायलास?"

बापानं शेताशेतानं गाडी ढकलत नेली.

तेव्हापासून रक्त चढवून आली, की घरी जायच्या आधी पंकजा काकाच्या ओट्यावर बसते. गालावर ताजी लाली असते. काकीला चहा मागते आणि बशीत ओतून, फुंकून फुंकून, सावकाश पिते. "काका, हाय मी अजून," एवढंच बोलते. डॉक्टरनं मन आनंदात ठेवायला सांगितलंय. तिचं मन इथंच आनंदात राहतं.

परवा दत्तराव खोकत खोकत बाहेर आला. त्यानं हात जोडले.

"चुकलं माझं, माय. किती दिवस असा जीव खाणार हायस?"

पंकजानं बशी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं.

"तुमच्या तेराव्याला जेवले, की न्हाई यायची."