मांडवपरतणी

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलेल्या लेकीचं आणि व्याह्यांचं मांडवपरतणीचं जेवण उरकलं, तसे भैयाजी हरिनाम घेत अंगणातला मांडव सोडायला लागले. गेल्याच आठवड्यात या मांडवात लग्न लागलेली सुलोचना खांबाआड आली आणि तिनं भाजलेला दंड बापापुढं धरला.

“बाबा, सासू डाग देते. मले परत नोका धाडू.”

भैयाजींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी लेकीला पोटाशी धरलं.

तेवढ्यात तिची आई हरखून बाहेर आली. “अवो, मांडव काऊन सोडून राह्यले? व्याह्यानं त्याच्या धाकट्या पोरासाठी आपल्या लहानीले मागतलं! याच मांडवात उरकून टाकू.”

भैयाजींनी डोळे पुसले, सुटलेली गाठ पुन्हा आवळली आणि लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, “रडू नोको, माय. आता तुले तिथं सोबत झाली.”