पहिली पसंती

"एऽ डॉक्टरीणबाई, उद्या आम्हाला ओळख दाखवशील ना?" तेजूनं कल्याणीचे नव्वद टक्के मोठ्यानं वाचले आणि दहावी फ मधल्या मैत्रिणी खिदळल्या. कल्याणीला चोरी पकडल्यासारखं झालं.

"कसली डॉक्टर! तुमच्याबरोबरच येणार मी," ती घाईघाईनं म्हणाली. मग शाळेच्या पायरीवरच सगळ्यांचं ठरलं, अकरावीच्या फॉर्मवर पहिली पसंती नाक्यावरच्या आर्ट्स कॉलेजला. तेजूनं गळ्याची शपथ घातली.

कल्याणीनं आईलासुद्धा विचारलं नाही. शहरातलं सायन्स कॉलेज यादीतून काढून टाकलं. पहिल्याच फेरीत नाक्यावरचं लागलं, आणि पहिली पसंती लागली की नियमानं तिथंच जावं लागतं.

पहिल्या दिवशी ती नवी ओढणी सावरत फाटकाशी थांबली. तास सुरू झाला तरी एकही ओळखीचं तोंड दिसेना. तिनं तेजूला फोन लावला.

"अगं, मी शहरात, सायन्सला," तेजू कुजबुजली. "पप्पांनी मे महिन्यातच क्लास लावला. बाकीच्याही गेल्या इकडंतिकडं."

"आणि आपलं ठरलेलं?"

पलीकडं तेजूला हसू आवरेना. "बाई गं, ते तर सगळ्याच नुसत्या म्हणत होत्या. तू खरंच भरलंस?"