बाहेरचं पहिलं नाव

रक्तदान शिबिराच्या नोंदणीची वेबसाइट मी सकाळी क्लाउडवर चढवली. शिबिर उद्यावर होतं. करी रोडच्या आमच्या चाळीत सगळे म्हणाले, "मस्त उघडतेय रे, स्वप्नील!" दुपारपर्यंत बाहेरचं एकही नाव आलं नाही. लिंक पाठवली होती त्या गंगूआत्याचा मालवणहून फोन मात्र आला, "माका कायेक दिसना नाय." मी तोऱ्यात म्हटलं, "तुझ्याकडे रेंज नसेल." तासाभराने पुन्हा फोन. ती धापा टाकत होती. "घाटी चढून देवळाकडे इलंय. रेंज आसा, तुझा पान नाय." तेव्हा कुठे मी सर्व्हरची सेटिंग उघडली. चाचणीपुरता फक्त आमच्या वायफायला प्रवेश दिला होता, आणि अख्खी चाळ त्याच वायफायवर! अट काढून म्हटलं, "आत्या, आता बघ." बाहेरचं पहिलं नाव तिचंच आलं. वय बहात्तर. शेरा: 'म्हातारेचा रगत चलात मा?' वयामुळे तिचं रक्त घेता येणार नव्हतं, पण चूक तिनेच पकडली होती; शिबिराचं पहिलं आभारपत्र तिलाच लिहिलं.