सगळ्यांना कळेल असं

"ताई, स्पॅनिशमध्ये सांगा ना! सगळ्यांना कळेल असं. इथं सगळी आपलीच माणसं आहेत," आन्सेल्मो सर हसत म्हणाले.

हर्मेलिंदाची आई बोलता बोलता थांबली. दिवसभर कॅलिफोर्नियातल्या शेतात स्ट्रॉबेरी तोडून ती थेट शाळेत आली होती. मेक्सिकोतल्या वाहाकाच्या डोंगरातल्या तिच्या मिश्तेको या आदिवासी भाषेत दोनचार वाक्यंच झाली होती, आणि शेजारी उभी असलेली लेक ती सगळ्यांना उलगडून सांगणारच होती. "माफ करा, मास्तर," एवढं मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणून ती खाली बसली.

मागच्या बाकावरून कुणीतरी खुसखुसलं, "वाहाकाची अडाणी!"

सरांच्या मनाला जरा टोचलं. पण पालकसभा लांबली होती, कॉफी निवत होती. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

तेवढ्यात पोरांनी गलका केला, "सर, उपोषणाची गोष्ट!"

झालं! या गोष्टीवर सरांचा भारी जीव. दरवर्षी सभेचा शेवट तिनंच व्हायचा. आपल्या मेक्सिकन लोकांचा इतिहास शिकवणारा वर्ग मिळावा, म्हणून कॉलेजात असताना सर कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाच्या दारात उपाशी बसले होते. वर्ग मिळाला, आणि त्या वर्गानंच त्यांना मास्तर केलं. आज ते पोरांना तोच विषय शिकवत होते.

"पण खरी ठिणगी पडली ती लहानपणीच," सर रंगात आले. "आमचे बाबा असेच शेतावरून पालकसभेला आले. स्पॅनिशमध्ये बोलायला उभे राहिले. तर बाई खेकसल्या, इंग्लिशमध्ये सांगा, सगळ्यांना कळेल असं! आणि बाबा..."

सरांची नजर हर्मेलिंदाच्या आईकडे गेली.

"बाबा काय, सर?"

बाबा खाली बसले होते. टोपी गुडघ्यावर ठेवून, माफ करा म्हणून. आणि त्या बाई मुळीच खेकसल्या नव्हत्या. हसूनच बोलल्या होत्या. इतकी वर्षं गोष्ट सांगताना सरच त्यांना खेकसायला लावत आले होते.

कुठं तोंड लपवावं, असं झालं सरांना. गोष्ट तशीच टाकून ते बाकांमधून वाट काढत हर्मेलिंदाच्या आईपाशी गेले. ती लगबगीनं उठायला लागली.

"बसा, बसा. चुकलो मी, ताई. तुमच्या भाषेतच सांगा. आम्ही ऐकतो."

तिनं मानेनंच नको म्हटलं. स्ट्रॉबेरीनं लाल झालेली बोटं तिनं पदरासारख्या ओढून घेतलेल्या शालीत लपवली.

"हर्मेलिंदा, काय म्हणत होती गं आई?" सरांनी हळूच विचारलं.

पोरीचे डोळे भरून आले होते.

"तुमचे आभार मानत होती, सर. म्हणाली, माझ्या लेकीला माझ्या भाषेची लाज वाटायची. या मास्तरांच्या वर्गात बसायला लागल्यापासून ती चारचौघांत माझ्याशी मिश्तेकोमध्ये बोलते."