नव्वद दिवस

एकेचाळीस फाइल्स, एकूण ६१२ मेगाबाइट. या सर्व्हररूमचे जुने प्रमुख मास्तर वारले, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या कॉम्प्युटरवरच्या खात्याला कुलूप घालताना अ‍ॅडमिनने ही यादी छापून ठेवली होती. आता तो कागद त्याच्या हातात होता. त्याच फोल्डरची आजची यादी त्याने मागवली, तर पडद्यावर एकही ओळ आली नाही.

त्याने आज्ञा पुन्हा टाइप केली. सावकाश, एकेक अक्षर. काहीच नाही.

शेजारच्या खुर्चीत मास्तरांची बायको बसली होती. मांडीवर पर्स, मुठीत नवा कोरा आठ जीबीचा पेन ड्राइव्ह, अजून प्लॅस्टिकमध्येच. सर्व्हरच्या पंख्यांमुळे ती जरा मोठ्याने बोलत होती.

"घरी यांना स्वतःचा चष्मा सापडायचा नाही, भाऊजी. डोक्यावरच असायचा. आणि इथे बघा, भिंतभर शिस्त!"

भिंतीवर मास्तरांच्या अक्षरातल्या अकरा चिठ्ठ्या होत्या. पुसण्याआधी यादी बघा. रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार घेऊन, लॉगिन केलंत तर तसंच सोडून चहाला जाऊ नका. कॉपी केल्यावर मोजा. रिकाम्या फोल्डरचंही माप 4.0K येतं, घाबरू नका. बॅकअप फक्त ऑफिसच्या कामाचा, घरचं घरी.

"गळ्याच्या ऑपरेशनमध्ये आवाज जाणार होता, म्हणून त्याआधी इथेच बसून रेकॉर्ड केलं यांनी," ती म्हणाली. "म्हणाले, घरी केलं तर तू रडशील आणि तेही त्यात येईल. लेकीसाठी आहे सगळं. ती रोज विचारते, बाबांचा आवाज कधी आणतेस. माझंच धाडस होत नव्हतं हो."

अ‍ॅडमिनने कागदावरची नावं पाहिली. हाक. अभ्यासाला बस. दार उघड, मीच आहे.

मग त्याने साफसफाईच्या स्क्रिप्टची नोंद उघडली. स्क्रिप्ट मास्तरांनीच लिहिलेली. डिस्क भरू नये म्हणून ती दर रविवारी पहाटे आपोआप चालायची आणि नव्वद दिवसांत कुणीही न उघडलेल्या खासगी फाइल्स कायमच्या पुसून टाकायची. गेल्या रविवारी एकेचाळीस पुसल्या होत्या. आज गुरुवार. त्या जागेवर एव्हाना दुसरा डेटा लिहून झाला होता.

ऑपरेशननंतर मास्तर रोज दुपारी डबा संपला की हेडफोन लावून बसायचे. काय ऐकताय विचारलं, तर नुसता हात हलवायचे.

"वहिनी," तो म्हणाला. "फाइल्स नाहीयेत."

"म्हणजे? दुसरीकडे ठेवल्यात?"

"पुसल्या गेल्या. रविवारी. नव्वद दिवस कुणी उघडल्या नाहीत म्हणून."

"कुणीच नाही?"

"मास्तर रोज ऐकायचे, म्हणून तोवर टिकल्या. नंतर आम्हीच ठरवलं, त्यांच्या कशालाही हात लावायचा नाही." त्याने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "मान म्हणून."

ती भिंतीवरच्या चिठ्ठ्या वाचत होती. वरून खाली, एकही न गाळता.

"आणि हा नव्वद दिवसांचा नियम कुणाचा?"

"त्यांचाच."

"वाटलंच," ती म्हणाली. "फ्रिजमधलंसुद्धा असंच फेकायचे. विचारायचे नाहीत."

तिने पेन ड्राइव्हचं प्लॅस्टिक दाताने फाडलं.

"ते फोल्डर तरी आहे ना?"

"आहे. पण रिकामं आहे, वहिनी."

"त्याला नाव यांनीच दिलंय ना? काय आहे नाव?"

"लेकीसाठी."

"मग तेवढं द्या."

तिने पेन ड्राइव्ह त्याच्या हातात दिला. त्याने फोल्डर त्यावर कॉपी केलं. चिठ्ठीत लिहिलं होतं म्हणून मोजलं.

4.0K.