सातवी बाटली

"पदवी विभागात उत्कृष्ट संशोधनाचा मान, मिना लालसिंग राठोड!"

हिंगोलीच्या कॉलेजचा हॉल टाळ्यांनी भरून गेला. मिनाच्या अहवालामुळे तांड्यावरची विषारी विहीर बुजवली गेली, असं सर माइकवर सांगत होते. मिनाला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. तिला पुजा दिसत होती.

पुजा तिची थोरली बहीण. दहा वर्षांपूर्वी पाणी शेंदताना ती त्याच विहिरीत पडली आणि गेली. ज्या विहिरीत माणूस गेलं, तिचं पाणी तांडा तोंडाला लावत नाही. सरकारने हापसा दिला, लोक हापशावर गेले. मग एकेकाचे गुडघे धरू लागले, पोरांचे दात पिवळे पडले. पुजा सूड उगवते आहे, असं जो तो म्हणू लागला.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मिनाने मनावर घेतलं. दोष पाण्याचा आहे, माझ्या बहिणीचा नाही, हे दाखवायचंच. सेनगावकडच्या बारा ठिकाणच्या पाण्यातलं फ्लोराइड ती मोजणार होती. सातवी बाटली पुजाच्या विहिरीची. दोर घेऊन ती काठावर गेली, खाली वाकली, आणि खालून कुणीतरी वर बघतंय असं वाटून जी पळाली ती हापशापाशीच थांबली. सातवी बाटली तिने तिथेच भरली. आठवीही तिथलीच होती. विहीर काही लांब नव्हती, पाण्यात फरक असा कितीसा पडणार? विज्ञान शिकणाऱ्या पोरीने उंटावरून शेळ्या हाकल्या.

दोन्ही बाटल्यांत फ्लोराइड मर्यादेच्या चौपट निघालं. अहवाल पंचायतीत गेला. हापशावाचून तांड्याचं चालणार नव्हतं; विहीर आधीच बदनाम, तिला कोण विचारतो? मागच्या आठवड्यात तिच्यात मुरूम ओतला. पहिला ट्रॅक्टर रिकामा झाला तेव्हा मिना खरं सांगणार होती. पण या सत्काराचं पत्र त्याच सकाळी आलं होतं.

सरांनी आईवडिलांना स्टेजवर बोलावलं. लालसिंगला दोघांनी धरून पायऱ्या चढवल्या. त्याची काठी हातात घेऊन धुरपताबाई मागून झपझप चढली.

पाहुणे डॉक्टर होते. ते बघतच राहिले. "मावशी, तुम्ही एकाच घरात राहता. मग तुमचे गुडघे एवढे धड कसे?"

धुरपताबाईने आधी नवऱ्याकडे पाहिलं. आता लपवून तरी काय उपयोग?

"हापशाचं मी कदी पेलेच न्हाई, सायेब. दहा वर्सं झाली. पहाटं कुनी उठायच्या आत पुजाच्या हिरीवर जायचे. माझ्यापुरतं कळशीभर आनायचे. लेकीपाशी तेवढंच बसनं व्हायचं."

मिनाने प्रशस्तिपत्र पाठीमागे धरलं.

"अहो, मग विहीर बुजवताना तुम्ही बोलला का नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहून बोलू, सायेब? मिनाच्या कागदात ते पानी जहर निघालं," धुरपताबाई लेकीकडे कौतुकाने बघत म्हणाली. "माझ्या लेकीचा कागद खोटा कसा असंल?"