कडेवर

यंत्राने शालनच्या मानेपासून माकडहाडापर्यंत सावकाश चाचपलं आणि तिची नस ज्या भाराने दबली होती, त्याचा आकार पडद्यावर उमटू लागला. हल्ली पाठ दाखवली की असं सगळंच बाहेर यायचं. कुणाच्या पाठीत गोणी दिसायची, कुणाच्या पाठीत घागर.

शालनच्या डाव्या कडेवर बारा-तेरा वर्षांचा मुलगा दिसला. त्याने मान तिच्या खांद्यावर टाकली होती आणि त्याचे काटकुळे पाय तिच्या गुडघ्यांखाली लोंबत होते.

"एवढा मोठा मुलगा कडेवर, काकू?" डॉक्टर तांबोळींनी विचारलं.

"आमचा मन्मथ. पाय अधू होते त्याचे. गेल्या माघात गेला."

डॉक्टरांनी तिचा मुंग्या येणारा डावा हात उचलून पाहिला. "मणके सरळ केले, की तुमच्या पाठीतून हे पुसलं जाईल. नाही केले, तर हात कायमचा लुळा पडेल."

शालनने पडद्यावरच्या गालाला बोट लावलं.

"करा," ती म्हणाली. "माझं दुखलेलं त्याला बघवायचं नाही."

यंत्राने मणके दाबले, कट्‌कन आवाज झाला. हातातल्या मुंग्या थांबल्या आणि पडदा रिकामा झाला.

शालन ताठ उभी राहिली, तिने चपला घातल्या, आणि दारातून बाहेर पडताना सवयीने थोडी तिरकी झाली, त्याचे पाय चौकटीला लागू नयेत म्हणून.